पहिलं पाणी

सुवार्ता गेली त्याला दोन नाताळ झाले.
तिच्यामागे माझ्याकडे राहिलं ते एवढंच:
चष्म्याचं रिकामं घर, शिकेकाईचा डबा
आणि प्रभुभोजनाची चार पांढरी कापडं,
दर सोमवारी धुवायची.

पाळकसाहेब म्हणाले, "ओहोळकाका, लाँड्रीत देऊ."
मी नको म्हणालो. का, ते अजून कळलेलं नाही.
छत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
पितळी टोप्या मोजल्या मी,
घरी येऊन साधा रुमाल कधी पिळला नाही.

तिचे नियम होते. द्राक्षरसाचा डाग चोळायचा नाही.
गार पाण्यात ठेवायचा, वाट बघायची.
आणि पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही.
"ते मातीला द्यायचं," ती म्हणायची,
मीठ संपलंय सांगावं तितक्या सहज.

आता क्वार्टर गेटपाशी, तिसऱ्या मजल्यावर
माती आणायची कुठून?
अख्ख्या गॅलरीत माती एकाच ठिकाणी,
परदेशी वहिनींच्या तेलाच्या डब्यात,
कढीपत्त्याच्या बुडाशी.
सुवार्ता तिथंच ओतायची.
मीही ओततो, कठड्यावरून हात लांबवून,
पहाटे, चोरासारखा.

झाड असं फोफावलंय
की माझ्या कडीलाही डहाळी अडकवलेली असते.
फोडणीत ती तडतडली की मी डोळे मिटतो,
उपकार मानतो, ठरलेल्या शब्दांत.

आता जे सांगायचं टाळतोय ते.

मार्चात पाणी आटलं. वहिनींनी नळाला मोटर लावली.
आमच्या नळाला नुसती हवा,
म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी.
मी महापालिकेला अर्ज लिहिला, वळणदार अक्षरात.
खाली सही: एक त्रस्त नागरिक.
उपवासकाळ चालू होता. मी चहा सोडला होता.

मंगळवारी दोन माणसं आली, मोटर उचलून गेली.
मग कळलं ती कशासाठी होती.
सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या,
दिवसाला सहा चादरी.
मधली भिंत एका विटेची. पलीकडच्या बातम्या
मला रोज ऐकू यायच्या,
कण्हणं कसं आलं नाही?

रविवारी गुडघे टेकले, ओंजळ पुढे केली.
तुकडा तळहातावर आला
आणि हाताला शाईचा वास आला.
खरं तर नाही आला.
यायला हवा होता.

सोमवारपासून खालच्या टाकीवरून
दोन बादल्या त्यांच्या दारात ठेवतो.
"काका, कशाला?"
"गुडघ्यांना व्यायाम."
"कुणी मेल्यानं अर्ज केला हो," वहिनी म्हणाल्या,
"त्याचं भलं होवो म्हणायला जीभ वळत नाही."
वाईट होवो असंही त्या म्हणाल्या नाहीत.
तेवढंच धरून जिना उतरलो.

असे पाच आठवडे.
ईस्टर येऊन गेला, मी पुन्हा चहा घेऊ लागलो.

आज पहाटे वाडगं घेऊन हात लांबवला,
तर वहिनी अंधारात उभ्या. चादर पिळत.
"उजेडात ओता की, काका. पडाल एखाद्या दिवशी.
ताईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
तुमचा हात पुरेना म्हणून
डबा मीच सरकवलाय कठड्याकडे."

वाडगं रिकामं झालं. मी तसाच उभा.
"वहिनी, तो अर्ज माझा."

खाली दूधवाल्याची सायकल गेली.
एक कुत्रं भुंकलं, थांबलं.
त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.
चादरीचं एक टोक कठड्यावरून माझ्याकडे टाकलं.
"धरा."

मी धरलं. त्यांनी पिळलं, मीही पिळलं.
पिळ बसेना.
"उलटं, काका," त्या म्हणाल्या, आवाज कोरडा,
"मी पिळते त्याच्या उलटं."